नवा राक्षस कशासाठी?

चौकटीचा कागद घ्या. मधल्या एका घरात माणूस ठेवा आणि लगतच्या घरात त्याची तलवार. दूर कोपऱ्यात एक झुरळ ठेवा. माणसाच्या प्रत्येक खेळीनंतर झुरळ त्याच्या दिशेने एक घर सरकते. आधी तिरपे, तिरपी वाट अडली तर उभे आणि तीही अडली तर आडवे. आता दोघांच्या मध्ये भिंतीची लांब रेघ ओढा. झुरळ भिंतीपाशी येऊन अडकेल, कारण वळसा घालणे त्याच्या नियमात नाही.

एरिक हर्मनसन यांनी १९९० च्या दशकात रचलेल्या ‘डेडली रूम्स ऑफ डेथ’ या संगणकीय खेळाचा हा गाभा आहे. तळघरातील प्रत्येक खोली ३८ × ३२ घरांची असते. नायक बीथ्रो तलवार घेऊन एकेक खोली साफ करत जातो. एक पाऊल टाकणे किंवा तलवार ४५ अंशांनी वळवणे, ही एक खेळी. येथे फासे नाहीत. त्याच खेळी त्याच क्रमाने केल्या की निकालही तोच लागतो. प्रयोग पुन्हा केल्यावर तेच उत्तर यावे, ही अपेक्षा आम्हां विज्ञानवाल्यांना परिचयाची आहे, म्हणूनच हा खेळ आम्हाला भावला.

अशा खेळात नवी भर घालायची ती कशी? पहिल्याच भागात ‘मेंदू’ नावाचा एक प्राणी आहे. तो स्वतः जागचा हलत नाही. पण तो खोलीत जिवंत असेपर्यंत झुरळांना सर्वांत जवळचा रस्ता सापडतो. मघाशी अडकलेले झुरळ आता भिंतीला वळसा घालून येते. एका प्राण्याची भर पडली आणि जुन्या झुरळाचा अर्थच बदलला.

२००५ साली आलेल्या दुसऱ्या भागातही अशी उदाहरणे आहेत. पहिल्या भागातील डांबर फक्त सरळ कडेवरच कापता येत असे. दुसऱ्या भागात चिखल आला, तो बाहेरच्या कोपऱ्यांवरच कापला जातो. नंतरच्या भागात जेली आली, ती आतल्या कोपऱ्यांवरच कापली जाते. आयताकृती जेलीला आतला कोपरा नसतो, म्हणून ती अभेद्य! तीच ‘एल’ आकाराची असेल, तर नेमके एक घर कापता येते. नियम एका वाक्याचा, पण खेळाडूला आकृतीचे कोपरे मोजायला लावतो. ‘वुबा’ तर इजाही करत नाही आणि तलवारीने मरतही नाही. तो नुसता वाटेत येतो. तेवढ्यानेही सोपी खोली अवघड होते.

मात्र सर्वच भर आम्हाला पटली नाही. २०१४ च्या भागापर्यंत प्राणी, यंत्रे आणि भाला, कुदळ, खंजीर अशी शस्त्रे इतकी वाढली, की काही खोल्यांत विचार करण्यापेक्षा नियम आठवण्यातच शक्ती खर्च होते. दुसरा दोष जुनाच आहे. दोन प्राण्यांना एकाच घरात यायचे असेल, तर आधी कोण हलणार हे ठरलेले असते, पण पटावर ते सहज दिसत नाही. जो नियम दिसत नाही, त्यावर बेतलेले कोडे विद्यार्थ्याला अंदाज बांधायला नव्हे, तर चाचपडायला शिकवते.

हे शिक्षकांना सांगण्याचे कारण असे, की अभ्यासक्रमात भर घालताना आपणही हीच चूक करतो. नवा धडा येतो, नवे सूत्र येते. पण आधीच्या धड्याकडे नव्याने पाहायला लावत नसेल, तर ते केवळ पाठांतराचे ओझे ठरते.

वर्गात एक तास देऊन पाहा. संगणक नसला तरी चालेल. चौकटीच्या कागदावर झुरळाचा खेळ मुलांना शिकवा. पाच खेळींनंतर झुरळ कुठे असेल, हे आधी लिहायला सांगा, मग खेळून ताडून पाहू द्या. नंतर प्रत्येक गटाला एक नवा राक्षस सुचवू द्या आणि तीन प्रश्न विचारा. त्याचा नियम एका वाक्यात सांगता येतो का? पुढची खेळी आधी सांगता येते का? तो आल्याने झुरळाबद्दल काही नवे कळते का? शिंगे आणि सुळे काढण्यात रमलेल्या मुलांना तिसरा प्रश्न बराच वेळ गप्प बसवील. त्यांना तो वेळ द्यावा.