तेलाच्या थेंबावरील प्रभार : मोजलेला किती, मानलेला किती?

तेलाचा थेंब आणि विद्युत प्रभार म्हटले की विद्यार्थ्यांना मिलिकनचा प्रयोग आठवतो. तो थेंब हवेत असतो व त्यावर मोजकेच जादा इलेक्ट्रॉन असतात. आपण पाहणार आहोत तो थेंब पाण्यातला. त्याचा हिशेब अगदी निराळा आहे.

साबण न घालता हेक्साडेकेनसारखे तेल पाण्यात जोराने घुसळले, तर काही काळ टिकणारे बारीक थेंब मिळतात. विद्युत क्षेत्रात ते धन अग्राकडे सरकतात, म्हणजे त्यांच्यावर ऋण प्रभार आहे. पाणी बरेच आम्ल केले, सामू ३ च्या आसपास आणला, की ही हालचाल जवळजवळ थांबते. इथवर मतभेद नाही.

पण उपकरण प्रत्यक्षात मोजते तो फक्त वेग. समजा, दर सेंटिमीटरला १० व्होल्ट क्षेत्र असताना थेंब सेकंदाला ४० मायक्रोमीटर सरकला. स्मोलुकोव्स्की यांच्या १९०३ च्या सूत्रात पाण्याची श्यानता वगैरे घातली की सुमारे उणे ५० मिलिव्होल्ट 'झीटा विभव' मिळतो. हा विभव तेलाच्या पृष्ठभागावरचा नव्हे. थेंबाला चिकटून चालणारे पाणी जिथे संपते, तिथला. त्यावरून प्रभार काढायचा तर भोवतीच्या आयनांच्या ढगाबद्दल आणखी गृहीतके करावी लागतात. तरीही 'पृष्ठप्रभार मोजला' असे सर्रास छापले जाते. त्यावर आमचा आक्षेप आहे, आणि तो केवळ शब्दाबद्दलचा नाही.

पाण्यात लिटरमागे १ मिलिमोल मीठ धरून गणित केले, तर १ मायक्रोमीटर व्यासाच्या थेंबावर सुमारे ८० हजार इलेक्ट्रॉनांइतका प्रभार येतो. आकडा मोठा वाटतो. पण एका प्रभाराच्या वाट्याला सुमारे ३८ चौरस नॅनोमीटर जागा येते. वस्ती अगदी विरळ!

हा प्रभार येतो कुठून? सिडनीच्या बीटी व जेर्जेव यांनी २००४ मध्ये पाण्यातल्या हायड्रॉक्सिल आयनांकडे बोट दाखवले. तेल घुसळताना सामू उतरतो आणि तो टिकवायला अल्क घालावे लागते. जेवढे अल्क खर्च झाले तेवढे आयन पृष्ठभागावर बसले, असा त्यांचा युक्तिवाद. या मार्गाने येणारा प्रभार मात्र वेगावरून काढलेल्या प्रभाराच्या कितीतरी पट भरतो. २०१२ मध्ये फ्रान्सच्या रोजे व काबान यांनी वेगळेच कारण पुढे केले : तेलातली किंचितशी मेदाम्ले. तीही अल्क खर्च करतात, आणि पाणी आम्ल झाले की त्यांचाही प्रभार जातो. म्हणजे सामूची साक्ष दोन्ही बाजूंना सारखीच लागू पडते.

'किंचितशी' म्हणजे किती, हे वर्गातही काढता येईल. एक लिटर पायसात २० मिलिलिटर तेल, सगळे थेंब १ मायक्रोमीटरचे. एकूण पृष्ठभाग १२० चौरस मीटर. वरची विरळ वस्ती धरली तर लागणारे प्रभार सुमारे ५ मायक्रोमोल, आणि तेलाचे रेणू सुमारे ०.०७ मोल. तेलाच्या १३ हजार रेणूंमागे मेदाम्लाचा एक रेणू पुरला! बाटलीवरचे '९९ टक्के शुद्ध' हे लेबल तर शंभरात एका परक्याला मुभा देते. त्याच तेलाचे थेंब अधिक बारीक केले तर पृष्ठभाग वाढतो, अशुद्धी तेवढीच राहते, आणि विभव उतरायला हवा. शुद्धतेचा तपशील आणि थेंबांचा आकार न देता नुसता झीटा विभव सांगणाऱ्या लेखाला आम्ही कमी गुण देऊ.

मेदाम्लांच्या मताला सिल्वी रोक यांच्या गटाने त्याच वर्षी हरकत घेतली. २०२१ मध्ये लोझान येथील या गटाने लेसर-प्रकाशाच्या साहाय्याने सीमेवरच्या रेणूंची कंपने तपासली आणि पाण्याकडून तेलाकडे थोडा इलेक्ट्रॉन-भार सरकतो, असा निष्कर्ष काढला. वेगाखेरीज स्वतंत्र साक्षीदार आणला, हे या कामाचे मोठे मोल. तरी एक प्रश्न उरतोच. तेल ऋण झाले तर लगतचे पाणी तितकेच धन होणार. ते पाणी थेंबाबरोबरच चालत असेल, तर दोघांची बेरीज शून्य, आणि मग थेंब धन अग्राकडे सरकतो तो कशामुळे?