डॉन कामिल्लोची चोरटी माया

विनोदी लेखकाची थोरवी मान्य करताना आपली समीक्षा नेहमी हात राखून बोलते. घटकाभर करमणूक झाली, मनावरचे मळभ दूर झाले, एवढे प्रशस्तिपत्र देऊन ती त्याची बोळवण करते आणि शोकात्म लेखकाकडे वळते. प्रवचनपीठावरून बोलणारे आम्ही लोकही याला अपवाद नाही. श्रोत्यांना जांभया येऊ लागल्या की तोंडी लावायचे लोणचे, अशीच विनोदाविषयी आमच्यातील पुष्कळांची समजूत असते. इटालियन लेखक जोव्हान्निनो ग्वारेस्की यांच्या डॉन कामिल्लोच्या कथांच्या वाट्याला हेच आले आहे. सेमिनरीत असताना इंग्रजी भाषांतरातून आम्ही त्या प्रथम वाचल्या, त्याही दोन जड ग्रंथांच्या मधला विसावा म्हणून. असे पुस्तक बहुधा उशाशी असते, अभ्यासाच्या मेजावर नसते. ते उशाशीच असावे असे आम्हांलाही वाटते. परंतु या कथांत हसू नेमके कोणते काम करते, हे एकदा दिवसाउजेडी पाहायला हरकत नाही.

कथांची मांडणी अगदी साधी आहे. उत्तर इटलीतील पो नदीच्या सखल खोऱ्यातले एक गाव. दुसरे महायुद्ध नुकतेच संपलेले. गावचा धर्मगुरू डॉन कामिल्लो हा धिप्पाड, तापट आणि मुठी शिवशिवणारा गृहस्थ. गावचा महापौर पेप्पोने हा पेशाने मेकॅनिक आणि पक्षाने कम्युनिस्ट; अंगापिंडाने तोही तसाच. दोघांचे हाडवैर. तिसरे पात्र म्हणजे मुख्य वेदीवरचा क्रूसावरील ख्रिस्त. तो डॉन कामिल्लोशी बोलतो, त्याला दटावतो, त्याची लबाडी पकडतो. पहिली कथा १९४६ च्या नाताळच्या सुमारास मिलानच्या ‘कान्दिदो’ साप्ताहिकात आली, पहिला संग्रह १९४८ मध्ये निघाला, आणि १९६८ मध्ये लेखकाचे निधन होईपर्यंत अशा तीनशेहून अधिक कथा लिहून झाल्या होत्या.

या कथा लागोपाठ वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. येथे कोणीही कोणावर उघडपणे दया करीत नाही. ज्याला उपकार करायचा आहे तो आधी भांडणाची सबब शोधतो. माया आहे, पण ती चोरटी आहे. राग, टोमणा, पक्षशिस्त, कधी कधी चक्क लाथ, असे काही तरी पांघरल्याशिवाय ती घराबाहेर पडत नाही. आमच्या मते ग्वारेस्कींच्या विनोदाचे मर्म हेच आहे. हसू हे येथे मायेवरचे पांघरूण आहे, आणि ते पांघरूण देणाऱ्याची लाज राखण्यापेक्षा घेणाऱ्याची अब्रू राखण्यासाठी आहे.

पापनिवेदनाची प्रसिद्ध कथा घ्यावी. बऱ्याच काळानंतर पेप्पोने प्रायश्चित्तासाठी येतो आणि बऱ्याच पापांबरोबर हेही सांगतो, की दोन महिन्यांपूर्वी काळोखात दबा धरून धर्मगुरूच्या पाठीत दांडका घालणारा तो मीच. त्या रात्री डॉन कामिल्लो टोपलीभर अंडी घेऊन सायकलवरून येत होता, तेव्हा अंड्यांचे काय झाले असेल हे सांगायला नको. आता धर्मगुरूला पापक्षमा देणे भाग आहे. तो ती देतो. पण वेदीपुढे जाऊन ख्रिस्ताकडे परवानगी मागतो, की याला एकदाच झोडपू दे. हात आशीर्वादासाठी आहेत, मारण्यासाठी नाहीत, असे उत्तर मिळते. डॉन कामिल्लो विचार करतो आणि नम्रपणे निदर्शनास आणतो, की हातांविषयीचे म्हणणे मान्य, परंतु पायांचे काय? ख्रिस्ताला युक्तिवादात थोडे तथ्य दिसते. मात्र एकच, अशी अट पडते. प्रार्थनेसाठी गुडघे टेकून बसलेल्या महापौराला विजेसारखी एक लाथ बसते. पेप्पोने मागे वळूनही पाहत नाही. मी दहा मिनिटे याचीच वाट पाहत होतो, आता बरे वाटले, अशा अर्थाचे काही तो बोलतो. डॉन कामिल्लोलाही बरे वाटलेले असते. ख्रिस्त काहीच बोलत नाही, पण तोही खूश दिसतो.

नैतिक ईशज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात या लाथेला स्थान नाही. पापक्षमा दिल्यावर हिशेब मिटला, असेच आम्ही शिकलो आणि तेच शिकवतो. मग ही लाथ कशासाठी? केवळ वाचकाला हसवण्यासाठी नव्हे. पेप्पोने मानी माणूस आहे. ज्याला आपण मारले त्याच्यापुढे गुडघे टेकून क्षमा घेणे आणि वर त्याच्या मोठेपणाचे ओझे घेऊन घरी जाणे त्याला जड आहे. क्षमेमध्येही क्षमा करणारा उंच आणि घेणारा खाली, असा एक सूक्ष्म चढउतार राहून जातो. पापनिवेदनाच्या जागी वर्षानुवर्षे बसणाऱ्याला तो समोरच्याच्या आवाजात ऐकू येतो. ती लाथ हा चढउतार सपाट करते. संस्काराने देवाशी समेट झाला होता. शेजाऱ्याशी तो लाथेने झाला. पावित्र्याला धक्का न लावता एवढे नाजूक काम विनोदाखेरीज कोणत्या साहित्यप्रकाराला जमले असते, हे आम्हांला तरी सांगता येत नाही.

वृद्ध शिक्षिकेची कथा याहून खोल आहे. गावाच्या दोन-तीन पिढ्यांना अक्षरे गिरवायला लावणाऱ्या या बाई कट्टर राजनिष्ठ आहेत. इटलीतील राजसत्ता जून १९४६ च्या जनमताने संपली. बाईंनी ते कधी मान्य केले नाही. मरताना त्यांची एकच इच्छा असते, शवपेटीवर राजाचे निशाण असावे. प्रजासत्ताकाच्या महापौराला हे कसे मान्य व्हावे? पेप्पोने सभा बोलावतो. बाकीच्या पक्षांचे प्रतिनिधी नकार देतात. महापौर म्हणून आपणही त्यांच्याशी सहमत आहोत, असे तो सांगतो. मात्र या गावात सत्ता महापौराची नसून कम्युनिस्टांची आहे, आणि कम्युनिस्ट या नात्याने आपला निर्णय असा, की बाई आपल्या निशाणाखालीच दफन होतील. दुसऱ्या दिवशी गळ्यात लाल रुमाल बांधलेले चार जण राजाचे निशाण घातलेली पेटी खांद्यावरून नेतात.

येथे विनोद दादागिरीच्या भाषेत आहे आणि डोळ्यांत पाणी त्या भाषेमुळेच येते. कृतज्ञतेचे भाषण पेप्पोनेला जमले नसते. त्याचे व्याकरण कच्चे, हे बाईंनाही ठाऊक होते. मग ज्या पक्षाच्या जोरावर तो गावाला धाक दाखवतो, तोच जोर तो त्या पक्षाच्या तत्त्वाविरुद्ध, एका म्हातारीच्या हट्टासाठी खर्च करतो. दुसऱ्या एका कथेत शेतमजुरांचा संप चालू असताना मोठ्या गोठ्यातील गाई उपाशी हंबरत असतात. रात्री लपतछपत गोठ्यात शिरलेल्या धर्मगुरूला तेथे संपाचा पुढारीच भेटतो. दोघेही गुपचूप चारा घालतात, धारा काढतात. दिवसा पुन्हा संप आहेच.

ही रीत आपल्याला परकी नाही. सुदाम्याची पुरचुंडी श्रीकृष्ण थट्टा करीत हिसकावून घेतो, आणि दिले काय ते तोंडाने सांगत नाही; सुदाम्याला ते घरी गेल्यावर कळते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी आपल्या विनोदी लेखांना ‘सुदाम्याचे पोहे’ हे नाव दिले, तेव्हा त्यांच्या मनात स्वतःच्या लेखनाविषयीचा विनय असेल. आम्हांला मात्र त्या नावात विनोद आणि दान यांचे जुने नाते दिसते. पु. ल. देशपांडे यांचे बेळगावचे रावसाहेब शिव्यांच्या आड जे लपवतात तेही हेच. आणि वाडीतील एखादी आजी शेजारच्या सुनेला “एवढीशी भाजी उरलीय, टाकून देण्यापेक्षा ने” असे खेकसून सांगते, तेव्हा ती भाजी उरलेली नसते, मुद्दाम जास्त केलेली असते. या हाताचे त्या हाताला कळू नये, असे आपण म्हणतो. आजी एक पाऊल पुढे जाते. ती घेणाऱ्यालाही पुरते कळू देत नाही.

हे लिहीत असताना आमच्या धर्मग्रामांतील दानधर्माचे चित्र डोळ्यांपुढे येते आणि लेखणी थोडी अडखळते. बाकावर देणगीदाराचे नाव, पंख्यावर नाव, वह्यावाटपाच्या कार्यक्रमात ओळीने उभी केलेली मुले आणि त्यांच्या हातात वह्या देतानाचे छायाचित्र. हेतूविषयी शंका नाही. पण त्या छायाचित्रातील मूल दहा वर्षांनी ते पाहील तेव्हा त्याला काय वाटेल, हा प्रश्न डॉन कामिल्लोने नक्की विचारला असता. आणि हात आशीर्वादासाठी असल्यामुळे कदाचित पायाचा विचार केला असता.

असो. ग्वारेस्कींना हे शहाणपण कोठून आले याचा थोडा शोध घेणे आवश्यक आहे. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शस्त्रे खाली ठेवल्यावर जर्मनांनी सहा लाखांहून अधिक इटालियन सैनिकांना छावण्यांत डांबले. हिटलर-मुसोलिनीच्या बाजूने लढण्याचे कबूल केले असते तर सुटका होती. बहुसंख्यांनी नकार दिला. तोफखान्यातील अधिकारी ग्वारेस्की त्यांपैकी एक. पोलंड आणि जर्मनीतील छावण्यांत भुकेने हाडांचा सापळा झालेला हा माणूस बराकीबराकीतून फिरून सोबत्यांना आपले लेखन वाचून दाखवी. १९४४ च्या नाताळला सांडबोस्टेलच्या छावणीत त्यांनी एक नाताळकथा लिहिली. आर्तुरो कोप्पोला या कैदी संगीतकाराने तिला संगीत दिले. एक लहान मुलगा आजीला, कुत्र्याला आणि काजव्याला बरोबर घेऊन छावणीतल्या बापाला भेटायला निघतो, एवढीच ती कथा. तेथे कोणी कोणाला भाकरी देऊ शकत नव्हता. गोष्ट देता येत होती. मन हलके करणे हे क्षुल्लक काम आहे असे म्हणणाऱ्या समीक्षकाने ती छावणी डोळ्यांपुढे आणावी.

तरीही एक आक्षेप उरतो, आणि तो गंभीर आहे. पो खोऱ्याच्या याच प्रदेशात त्या वर्षांत धर्मगुरूंचे रक्त सांडत होते. एप्रिल १९४५ मध्ये रोलांदो रीव्ही हा चौदा वर्षांचा सेमिनरीतील मुलगा कम्युनिस्ट पार्टिझनांच्या हातून मारला गेला. २०१३ मध्ये ख्रिस्तसभेने त्याला धन्यवादित घोषित केले. कॉर्रेज्जोजवळच्या एका गावाचे धर्मगुरू डॉन उम्बेर्तो पेस्सिना यांची जून १९४६ मध्ये हत्या झाली. डॉन कामिल्लोची पहिली कथा त्यानंतर सहा महिन्यांनी आली. मग लाल रुमालवाल्या महापौराशी चाललेली ही लुटुपुटीची लढाई म्हणजे रक्तावर टाकलेला गालिचा नव्हे काय?

आम्हांला तसे वाटत नाही, पण आक्षेप उडवूनही लावता येत नाही. पहिल्याच संग्रहाच्या उत्तरार्धात गावात खून होतो, डॉन कामिल्लोवर गोळी झाडली जाते, आणि तेथे लेखक हसत नाही. हसू कोठे थांबवायचे हे त्याला कळते. दुबळेपणा आहे तो अन्यत्र. या जगात स्त्रिया जवळजवळ नाहीत. शिक्षिकाबाईंसारखे अपवाद सोडले तर त्या स्वयंपाकघरात आणि अश्रूंत असतात. नंतरच्या संग्रहांत तीच लढाई पुन्हा पुन्हा येते आणि समेटाची चाहूल पहिल्या पानावरच लागते. शिवाय ग्वारेस्की स्वतः राजकीय आखाड्यात उतरलेले पत्रकार होते. १९४८ च्या निवडणुकीत त्यांनी कम्युनिस्टांविरुद्ध जोरदार प्रचार केला, तर १९५४ मध्ये ख्रिस्ती लोकशाहीवादी नेते दे गास्पेरी यांच्या बदनामीबद्दल त्यांना शिक्षा झाली. अपील न करता त्यांनी पार्माच्या तुरुंगात ४०९ दिवस काढले. प्रचारक ग्वारेस्कींनी शत्रूला कधी पांघरूण घातले नाही. कथाकार ग्वारेस्कींनी ते घातले. एकाच माणसाचे हे दोन हात, आणि आम्ही दुसऱ्याचे ऋणी आहोत.

चित्रपटाविषयी दोन शब्द पुरेत. ज्युलियाँ द्युव्हिव्हिए यांनी १९५२ मध्ये काढलेल्या चित्रपटात फर्नांदेल आणि जीनो चेर्वी यांनी ही जोडी अमर केली. ब्रेशेल्लो या चित्रीकरणाच्या गावात आज चौकात दोघांचे पुतळे आहेत. पण फर्नांदेलचा चेहरा हसू फार लवकर आणतो, आणि ख्रिस्ताचा आवाज कानाने ऐकू येऊ लागला की त्याचा एकांत जातो. पुस्तकातील ख्रिस्त हा आपल्याच सद्सद्विवेकाचा आवाज आहे, असे लेखकाने स्वतः सांगून ठेवले आहे. धर्मगुरूंना डॉन कामिल्लो खटकला तर त्यांनी माझ्या डोक्यात मेणबत्ती हाणावी, मात्र ख्रिस्ताचे बोलणे खटकले तर माझा इलाज नाही, असा त्याचा भावार्थ. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १० नोव्हेंबर २०१५ रोजी फ्लॉरेन्समध्ये इटलीच्या ख्रिस्तसभेपुढे बोलताना डॉन कामिल्लोचा उल्लेख केला, तो या साध्या धर्मगुरूच्या प्रार्थनेसाठी आणि लोकांशी असलेल्या जवळिकीसाठी.

ज्यांनी हे पुस्तक वाचले नाही त्यांनी पहिल्या संग्रहाची शेवटची कथा आधी वाचली तरी चालेल. गोळीबारानंतरचे नाताळचे दिवस. डॉन कामिल्लो रात्री गव्हाणीच्या मूर्तींना नवा रंग देत बसला आहे. पेप्पोने येतो, कुरकुरत बसतो आणि नकळत कुंचला हाती घेतो. मेकॅनिकचे ते राकट हात बाळ येशूच्या मूर्तीला गुलाबी रंग देतात. आपला मुलगा नाताळची कविता पाठ करतोय, हे तो अभिमानाने सांगून जातो. मूर्ती मांडताना धर्मगुरू गाढव ठेवतो आणि म्हणतो, हा पेप्पोने. पेप्पोने बैल उचलून शेजारी ठेवतो; हा डॉन कामिल्लो. जनावरांचे आपापसांत नेहमीच जुळते, एवढे बोलून धर्मगुरू विषय संपवतो. बाहेर नदीकाठचा किर्र काळोख आहे. पेप्पोने त्यातून घरी चालला आहे, आणि त्या चिमुकल्या मूर्तीची ऊब अजून त्याच्या तळहातात आहे.