‘कमला’ नाटकातील नैतिक ज्ञान आणि कृती

योग्य काय ते कळूनही माणसाच्या हातून ते का घडत नाही, हा नीतिशास्त्रातील एक जुना प्रश्न आहे. धर्म ठाऊक आहे पण तिकडे प्रवृत्ती होत नाही, अशा आशयाची कबुली भारतीय परंपरेने दुर्योधनाच्या तोंडी घातली. ॲरिस्टॉटलने याच दौर्बल्याची स्वतंत्र मीमांसा केली. परंतु या प्रश्नाला दुसरीही एक बाजू आहे. प्रवृत्ती आहे, धैर्य आहे, हेतूही सत् आहे. तथापि जे घडते ते योग्य ठरत नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘कमला’ या नाटकाचा विचार या दुसऱ्या बाजूने होणे अगत्याचे आहे.

नाटकाचे मूळ एका प्रत्यक्ष घटनेत आहे. एप्रिल १९८१ मध्ये ‘इंडियन एक्सप्रेस’चे वार्ताहर अश्विनी सरीन यांनी एक स्त्री २,३०० रुपयांस विकत घेऊन स्त्रियांच्या क्रयविक्रयाचा प्रकार उघडकीस आणला. नाटकातील जयसिंग जाधव मात्र तेंडुलकरांची स्वतंत्र निर्मिती आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तो कमलेला २५० रुपयांस विकत आणतो, कारण बाजार भरतो याचा तोच निर्विवाद पुरावा. स्त्रीची विक्री हा अन्याय आहे, हे त्याला पुरतेपणी ठाऊक आहे. तरीही पत्रकार-परिषदेत पुराव्याचे बळ कमी होऊ नये म्हणून तो तिला फाटक्या वस्त्रांतच नेतो, कोठे नेत आहे तेही तिला खरे सांगत नाही आणि काम होताच तिची रवानगी आश्रमात करतो. अन्यायाचे त्याचे ज्ञान एका प्रथेविषयीचे आहे. समोरच्या व्यक्तीपर्यंत ते पोचत नाही. मनुष्यास केवळ साधन मानू नये, हा कांटचा दंडक येथे दास्यनिर्मूलनाच्या कार्यातच मोडला जातो.

याउलट सरितेला ज्ञान होते ते कमलेच्या एका भाबड्या प्रश्नातून. मालकाने तुला केवढ्यास विकत घेतले, असे कमला तिला विचारते आणि सरिता ७०० रुपये असा आकडा सांगते. या उत्तरात सरितेला स्वतःच्या संसाराचे स्वरूप दिसू लागते. परंतु हे ज्ञान तत्काळ कृतीत उतरत नाही. पतीचे वर्तन जाहीरपणे उघड करण्याचा तिचा निश्चय, पतीची नोकरी गेल्याचे कळताच, ती तूर्त बाजूस ठेवते. हा शेवट काहींना दुबळा वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तो नाटकातील सर्वांत प्रामाणिक भाग आहे. कोसळलेल्या माणसाला त्याच क्षणी सोडणे हेही तिला योग्य वाटत नाही. येथे दोन कर्तव्यांचा विरोध आहे, आणि एकाची निवड केल्याने दुसरे नाहीसे होत नाही.

नाटकाची उणीव अन्यत्र आहे. आश्रमात गेल्यावर कमलेचे काय झाले, हे नाटक सांगत नाही. सरिता तिला घरी ठेवून घेऊ पाहते खरी, पण पुढे सारा प्रकाश सरितेच्या जागृतीवर पडतो. जयसिंगाने कमलेला वृत्ताचे साधन केले. नाटककारानेही तिला सरितेच्या आत्मज्ञानाचे साधन केले, असा आक्षेप घेता येतो. हे मौन हेतुपुरस्सर आहे, असे समर्थन शक्य आहे. मात्र ते सिद्ध करणारी खूण संहितेत ठळकपणे आढळत नाही.

या आक्षेपाने नाटकाचे मोल घटत नाही, उलट त्याच्या विषयाची खोली कळते. दुसऱ्याच्या दुःखाला वाचा फोडताना तो दुसरा केवळ निमित्त उरतो की काय, हा प्रश्न वार्ताहराइतकाच नाटककाराला व समीक्षकालाही लागू पडतो. जयसिंगाला दोषी ठरवून समाधान मानणारा प्रेक्षकही नाटकाबाहेर पडताना कमलेला विसरलेला असतो, आणि म्हणूनच ‘कमला’ला पत्रकारितेवरील टीका एवढेच म्हणणे अपुरे आहे.