अनामिक वादक आणि ‘प्रभाव’ ही संज्ञा

७८ गतीच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेचे लेबल हस्तलिखिताच्या पुष्पिकेसारखे वाचण्याचा मोह होतो. पुष्पिकेत लेखनिक आणि तिथी यांचा उल्लेख अनेकदा सापडतो. चित्रपटगीताच्या लेबलवर मात्र सामान्यतः चित्रपट, गायक व संगीतकार एवढेच असतात. लेबलालगत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक ध्वनिमुद्रणाचा क्रम सुचवतो, तर सूचीक्रमांक प्रकाशनाचा. या दोहोंची गल्लत झाली की प्रकाशनवर्षालाच मुद्रणवर्ष मानले जाते.

वादकांची नावे मात्र कोणताच क्रमांक सांगत नाही. ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटातील सी. रामचंद्र यांच्या स्विंग-ढंगाच्या रचनांचे श्रेय ‘पाश्चात्त्य प्रभावा’ला दिले जाते. प्रत्यक्षात या ढंगामागे मुंबईच्या हॉटेलांतील जॅझ वाद्यवृंदांत घडलेले गोमंतकीय वादक होते. त्यांपैकी ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट (अँटोनियो झेवियर वाझ) या चित्रपटाच्या पडद्यावरही दिसतात. ग्रेगरी बूथ यांच्या ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) या ग्रंथाने अशा वादकांच्या मुलाखतींना साधनाचा दर्जा दिला. स्मृती नावे पुरवते, पण वर्षे पुसट करते. क्रमांक कालक्रम राखतो, पण माणसे जाणत नाही. म्हणून दोन्ही साधने परस्परांवर पडताळणे अपरिहार्य ठरते.

या अर्थाने ध्वनिमुद्रिकासूची ही पाठचिकित्साच होय. ‘प्रभाव’ ही तौलनिक अभ्यासाची लाडकी संज्ञा कर्त्याविना क्रियापद वापरते. सूची तो कर्ता परत मिळवून देते.