अग्रलेख कोणी कसा वाचला? : 1908 चा खटला आणि राजकीय संज्ञापनाचा अभ्यास

गेल्या वर्षी पदव्युत्तर वर्गातली एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. राजकीय संज्ञापन हा विषय घेऊन ती पुढाऱ्यांची भाषणे जमवत होती. ‘या विषयाकडे का वळलीस, असं मार्गदर्शक विचारतात. मी लोकशाहीत संवादाचं महत्त्व वगैरे सांगते. पण खरं कारण ते नाही, आणि खरं काय ते सांगता येत नाही,’ ती म्हणाली. मी कोणत्याही विद्यापीठात संशोधन केलेले नाही. नोकरी सांभाळून रविवारी ग्रंथालयात बसून जे वाचले, तेवढीच माझी शिदोरी. पण या विषयाने मला कुठे धरले, ते नेमके ठाऊक आहे. न. चिं. केळकरांनी प्रसिद्ध केलेल्या टिळकांच्या 1908 च्या खटल्याच्या इंग्रजी वृत्तांतात.

खटल्याची हकिगत सर्वांना माहीत असते. 30 एप्रिल 1908 रोजी मुजफ्फरपूरला बॉम्बफेक झाली, त्यात दोन इंग्रज स्त्रिया मरण पावल्या. त्यावर ‘केसरी’त लेख आले. त्यांतील 12 मेचा ‘देशाचे दुर्दैव’ आणि 9 जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे आरोपांचा आधार ठरले. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे 13 जुलैला सुनावणी सुरू झाली आणि 22 जुलैच्या रात्री संपली. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. कौलही सात विरुद्ध दोन असाच पडला. शिक्षा सहा वर्षे काळ्या पाण्याची. पुढचे मंडाले सर्वश्रुत आहे.

शालेय पुस्तकांतून आपल्यापर्यंत पोचतो तो या नाट्याचा शेवट. वृत्तांत वाचताना मला थांबवले ते मधल्या पानांनी. लेख मराठी, खटला इंग्रजीत. विशेष ज्यूरी नेमण्यास बचावपक्षाने आधीच हरकत घेतली होती, ती याच मुद्द्यावर: ज्या भाषेतल्या लेखांचा न्याय करायचा, ती जाणणारी माणसे ज्यूरीत हवीत. ती हरकत मान्य झाली नाही. म्हणजे निकाल द्यायचा होता तो टिळकांच्या वाक्यांवर, पण ज्यूरीसमोर होती ती भाषांतरकाराची वाक्ये. टिळकांनी आपला बचाव स्वतःच केला, सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणीही स्वतः घेतली, आणि एकवीस तासांहून अधिक चाललेल्या भाषणाचा मोठा भाग शब्दांच्या अर्थांवर खर्च केला. आपण अँग्लो-इंडियन पत्रांना उत्तर देत होतो, तो संदर्भ काढून लेख वाचला तर तो वेगळाच दिसेल, हा त्यांचा दुसरा धागा.

भाषांतराने काय होते हे पाहण्यासाठी माझाच एक दाखला देतो; तो कोर्टातला नव्हे. ‘जुलूम’ हा शब्द घ्या. मराठीत आग्रहाचाही जुलूम होतो, आणि मनातून नको असलेल्याला घातलेला तो जुलमाचा रामराम. शब्दाला सरकारी दडपशाहीपासून पंगतीतल्या आग्रहापर्यंत सगळ्या पायऱ्या आहेत. इंग्रजीत नेताना भाषांतरकाराला त्यांतली एकच पायरी निवडावी लागते. तो लबाड असण्याची गरज नाही. निवडावे लागते एवढेच पुरे. त्याआधी 1897 च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी कलम 124-अ मधल्या एका इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ असा लावला होता. म्हणजे दोन्ही खटल्यांत एकेका शब्दाच्या रुंदीवर माणसाच्या आयुष्याची वर्षे मोजली गेली.

इथपर्यंत आले की आपल्याकडचा लेखक सहसा थांबतो: टिळक निर्दोष, भाषांतर सदोष. मला हे अपुरे वाटते. भाषांतर अगदी निर्दोष असते, तरी त्या लेखांची रचना तीच राहिली असती. बॉम्बचा निषेध करायचा, आणि त्याच दमात ही पाळी आणण्याचा दोष राज्यकर्त्यांच्या धोरणावर ठेवायचा. निषेध ऐकणाऱ्याला निषेध ऐकू येतो, दोषारोप ऐकणाऱ्याला दोषारोप. टिळकांना हे कळत नसेल असे मानणे हा त्यांच्या लेखणीचा अपमान होईल. मराठी ‘केसरी’ आणि इंग्रजी ‘मराठा’ अशी दोन पत्रे 1881 पासून चालवणाऱ्या मंडळींतला हा माणूस. कोणाशी कसे बोलावे हे त्याचे रोजचे काम होते. आपण या अग्रलेखांकडे गद्यशैलीचा नमुना किंवा देशभक्तीचा पुरावा म्हणून पाहतो. शैली लेखकाच्या बाजूने मोजली जाते; अर्थ मात्र ऐकणाऱ्याच्या अंगणात ठरतो. निकालानंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. त्यांच्यातल्या किती जणांना ‘केसरी’ स्वतः वाचता येत असेल? तरी तेही वाचकच होते, आणि ज्यूरीही वाचकच होती.

या कहाणीचा उत्तरार्ध 1916 चा आहे. बेळगाव आणि अहमदनगर इथल्या टिळकांच्या होमरूलच्या मराठी भाषणांवरून चांगल्या वर्तणुकीची जामिनकी मागण्यात आली. त्या भाषणांत त्यांनी सम्राट आणि नोकरशाही यांतला भेद देव आणि पुजारी यांच्या दाखल्याने समजावला होता: देव राहू द्या, पुजारी बदला. ज्याने देवळात पुजाऱ्याची मिजास सोसली आहे, त्याला पुढे काही सांगावे लागत नाही. मॅजिस्ट्रेटने जामिनकीचा हुकूम दिला. हायकोर्टात बॅरिस्टर जिनांनी टिळकांची बाजू मांडली आणि न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांनी 9 नोव्हेंबरला तो हुकूम रद्द केला. भाषण तुकड्यांनी नव्हे, सलग वाचले पाहिजे, ही त्या निकालातली दृष्टी. आठ वर्षांनी वक्ता तोच, भाषा तीच. वाचण्याची रीत वेगळी म्हणून फळ वेगळे. अर्थात 1908 साली समोर बॉम्बचा धूर होता, 1916 साली नव्हता, हेही विसरून चालणार नाही.

ही रीत आज कोर्टापुरती उरलेली नाही. पाऊण तासाच्या भाषणातला दहा सेकंदांचा तुकडा मोबाईलवर येतो आणि आपण प्रत्येक जण घरबसल्या ज्यूरीत बसतो. आधी काय म्हटले, कोणाला उत्तर दिले, समोर कोण बसले होते, हे विचारायला वेळ नसतो. तुकडा आपल्या आवडत्या पुढाऱ्याचा असला तर आपण संदर्भ मागतो. नावडत्याचा असला तर तुकडा पुरतो. ही खोड माझीही आहे.

त्या विद्यार्थिनीला मी केळकरांचा ग्रंथ दिला. दोन महिन्यांनी ती आली, तेव्हा जमवलेली भाषणे तिने बाजूला ठेवली होती. त्यांतले एकच निवडून, ते ज्या मैदानात झाले त्या गावी ती जाऊन आली होती. सभेला आलेल्यांना ती विचारत होती: तुम्ही काय ऐकलंत? प्रत्येकाने निराळे सांगितले. ‘आता मार्गदर्शकांना कारण सांगता येईल,’ ती म्हणाली.