पहिला कॅट आणि आक्रमणाचा हिशेब

मेंढीकोट असो की तीनशेचार, आपल्या घरोघरच्या पत्त्यांच्या खेळांत पाने वाटून मिळतात आणि मिळालेल्या पानांवरच डाव निभवावा लागतो. सेमिनरीत असताना पावसाळ्यातील कितीतरी दुपारी आम्ही या खेळांत घालवल्या. हरणाऱ्याची तक्रार ठरलेली असे, ती म्हणजे वाटणाऱ्याचा हात वाईट. ज्या खेळाविषयी येथे लिहिण्याचे योजिले आहे, त्यात ही तक्रार अर्धीअधिक बाद होते. तेथे पिसणे यंत्राकडे असले तरी कॅटात कोणती पाने असावीत हे खेळणाराच एकेक करून ठरवीत जातो. हरला तर त्याने स्वतःच गोळा केलेल्या पानांनी तो हरतो.

'स्ले द स्पायर' हे त्या खेळाचे नाव. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरी अँथनी जिओव्हानेट्टी आणि केसी यानो या दोघांनी 'मेगा क्रिट' या आपल्या छोट्या संस्थेतर्फे तो घडविला. नोव्हेंबर २०१७ मध्ये तो अपुऱ्या अवस्थेतच लोकांपुढे ठेवण्यात आला आणि जानेवारी २०१९ मध्ये पूर्ण झाला. पुढे तो भ्रमणध्वनीवरही आला आणि आमच्या धर्मग्रामातील मुलांच्या हाती पोहोचला. रविवारच्या मिस्सेनंतर एक भगिनी मला थांबवून म्हणाल्या, "फादर, एकदा तुम्हीच बघा. त्यातला माणूस आपला आत्मा विकतो म्हणे. पोराची बारावी आहे आणि हा रात्रभर तेच घेऊन बसतो." न वाचता पुस्तकाविषयी मत देऊ नये हा नियम आम्हांला लहानपणीच शिकविला गेला आहे. तोच मी खेळालाही लावला आणि काही आठवडे त्या मुलाच्या मार्गदर्शनाखाली स्वतः खेळलो.

आत्मा विकण्याची गोष्ट खरी आहे. नवख्याला आरंभी मिळणारा योद्धा 'आयर्नक्लॅड' हा आपल्या सैन्यातील उरलेला एकटा शिपाई आणि त्याने दैत्यशक्ती मिळविण्यासाठी आत्मा विकला, अशी त्याची ओळख करून दिली जाते. पण ही ओळख तेथेच संपते. विकलेल्या आत्म्याचा जाब पुढे कोणी विचारीत नाही, विकत घेणारा समोर येत नाही, शिपायाला पश्चात्ताप होत नाही. फाऊस्टच्या कथेने युरोपातील लेखकांना शतकानुशतके झोप येऊ दिली नाही. येथे ती कथा अंगरख्यावरच्या नक्षीइतकीच उरली आहे. नक्षीवर संतापण्यात अर्थ नाही असे माझे मत झाले. खेळाचा खरा आशय त्याच्या अंकगणितात आहे आणि परीक्षण करायचे तर त्याचेच केले पाहिजे.

ते अंकगणित थोडक्यात असे. शिपायाजवळ ८० प्राण आणि १० पाने असतात. त्यांतली पाच 'स्ट्राइक', म्हणजे प्रत्येकी ६ चा घाव. चार 'डिफेंड', म्हणजे प्रत्येकी ५ ची ढाल. एक 'बॅश', ज्याचा घाव ८ चा आणि त्यानंतर दोन फेऱ्या शत्रूला प्रत्येक घाव दीडपट लागतो. दर फेरीला पाच पाने हाती येतात व तीन शक्ती मिळतात. स्ट्राइक-डिफेंडला एक शक्ती लागते, बॅशला दोन. शत्रू पुढच्या फेरीत काय करणार हे त्याच्या डोक्यावर आधीच दिसते, आणि हा या खेळाचा मला सर्वाधिक आवडलेला प्रामाणिकपणा आहे. लढाई संपली की शिपायाला ६ प्राण परत मिळतात आणि तीन नवी पाने समोर येतात. त्यांतले एक घ्यावे, किंवा एकही घेऊ नये.

नवशिक्याने पहिला कॅट आक्रमक बांधावा, असा सल्ला जाणते खेळाडू देतात. मला तो प्रथम पटला नाही. तारुण्याला आक्रमणाचा सल्ला द्यायची गरज काय, ते तर त्याच्या अंगातच असते, असे मी त्या मुलाला म्हणालोही. मग त्याने मला 'कल्टिस्ट' नावाच्या एका किरकोळ शत्रूसमोर बसविले. या शत्रूचे प्राण ४८ ते ५४. पहिल्या फेरीत तो मारीत नाही, नुसते मंत्र पुटपुटतो. दुसऱ्या फेरीत ६ चा घाव घालतो, तिसऱ्या फेरीत ९ चा, मग १२, मग १५. मी माझ्या स्वभावाप्रमाणे ढाली धरून बसलो आणि सहाव्या-सातव्या फेरीपर्यंत ढाली पुरेनाशा झाल्या. मुलाने तीच लढाई आपल्या हाताने खेळून दाखविली. पहिल्या फेरीत बॅश आणि एक स्ट्राइक, म्हणजे ८ अधिक ९, एकूण १७. दुसऱ्या फेरीत दीडपटीने तीन स्ट्राइक, म्हणजे २७. दोन फेऱ्यांत ४४. तिसऱ्या फेरीच्या आरंभीच उरलेले काम उरकले. या साऱ्यात त्याला एकच घाव लागला, ६ चा, आणि लढाई संपताच तेवढेच ६ प्राण परत मिळाले. पाने अशी अनुकूल नेहमीच येत नाहीत हे मान्य. पण हिशेब माझ्या ध्यानी आला. या खेळात मेलेला शत्रू मारीत नाही, आणि जितक्या फेऱ्या वाचल्या तितके रक्त वाचले. येथे आक्रमण म्हणजे वेळेची काटकसर असते.

वाचलेल्या रक्ताचे पुढे काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. वाटेत शेकोट्या लागतात. तेथे विश्रांती घेतली तर एकूण प्राणांच्या ३० टक्के, म्हणजे ८० पैकी २४ प्राण भरून येतात. विश्रांतीची निकड नसेल तर त्याच जागी ऐरणीवर एक पान घडवून चांगले करता येते. सुधारलेला बॅश १० चा घाव घालतो आणि त्याचा दीडपटीचा परिणाम तीन फेऱ्या टिकतो. म्हणजे जो लवकर मारतो त्याला शेकोटीजवळ ऐरण मिळते, आणि जो ढालीमागे रेंगाळतो त्याला तेथे जखमा बांधीत बसावे लागते. एवढे एक चक्र ज्याला उमगले त्याला पहिल्या अंकाची किल्ली सापडली.

या अंकातील 'ग्रेम्लिन नॉब' हा धिप्पाड शत्रू तर जणू हा धडा गिरवून घेण्यासाठीच ठेवला आहे. पहिल्या फेरीत तो आरोळी ठोकतो, आणि त्यानंतर आपण डिफेंडसारखे कौशल्याचे कोणतेही पान खेळलो की त्याचे बळ दोनने वाढते. म्हणजे एका ढालीने ५ थांबविले, पण पुढचा प्रत्येक घाव २ ने जड केला. तिसऱ्या घावाला ती ढाल तोट्यात जाते. माझ्यासारखे सावध लोक त्याच्यापुढे हमखास मरतात. मी चार वेळा मेलो.

मग आक्रमक कॅट बांधायचा कसा? नवखा समजतो की समोर येईल ते प्रत्येक घावाचे पान उचलावे. येथेच खरी गंमत आणि खरी अडचण आहे. दहा पानांच्या कॅटात बॅश दर दोन फेऱ्यांनी हाती येतो. वीस पानांच्या कॅटात त्याच्यासाठी चार फेऱ्या थांबावे लागू शकते. वरवर बरे दिसणारे प्रत्येक पान सर्वोत्तम पानांच्या वाटेत उभे राहते. त्यामुळे बक्षिसाच्या पडद्यावर एकही पान न घेता पुढे जाणे ही आक्रमक खेळाडूची पहिली विद्या ठरते. व्यापाऱ्याकडे तर ७५ सुवर्णनाणी मोजून आपलेच एक पान कायमचे काढून टाकता येते, आणि पुढच्या प्रत्येक खेपेला हा दर २५ ने चढतो. आपली वस्तू टाकून देण्यासाठी पैसे मोजायचे हे माझ्या गावाकडच्या माणसांना सांगितले तर ते हसतील. (हे तत्त्व या खेळाने शोधलेले नाही. या जातीच्या खेळांची वाट २००८ साली डोनाल्ड व्हॅकॅरिनो यांच्या 'डोमिनियन' या पटावरील पत्त्यांच्या खेळाने घालून दिली. त्यात हातातली चार पानांपर्यंत पाने कायमची टाकू देणारे एक स्वस्त पान आहे. त्याचे नाव 'चॅपल'. ते नाव वाचून मी मनोमन खूश झालो हे कबूल करतो.)

पानांच्या निवडीत काही सापळे आहेत आणि ते रचणाऱ्यांनी जाणूनबुजून रचलेले असावेत. 'परफेक्टेड स्ट्राइक' घ्या. कॅटात ज्या ज्या पानाच्या नावात 'स्ट्राइक' आहे, त्या प्रत्येकामागे त्याचा घाव दोनने वाढतो. आरंभीच्या पाच स्ट्राइकांसह आणि स्वतःला धरून तो १८ चा होतो. दोन शक्तींत दोन साधे स्ट्राइक १२ देतात, हे एकच पान १८ देते. पहिल्या अंकात हे वरदानच. परंतु यामुळे कॅटातील सर्वांत दुबळी पाने सांभाळून ठेवण्याचा मोह होतो आणि दुसऱ्या अंकात हा कॅट धापा टाकू लागतो. त्यापेक्षा 'पॉमेल स्ट्राइक' मला अधिक गुणी वाटतो. घाव ९ चा आणि वर एक नवे पान हाती. वाढवूनही कॅट जड न करणारे असे पान नवख्याने डोळे झाकून घ्यावे.

'क्लॅश' या पानाविषयी मात्र विस्ताराने लिहिले पाहिजे. याला शक्ती लागत नाही आणि घाव १४ चा. अट एकच, हातातील प्रत्येक पान घावाचेच असले पाहिजे. एक डिफेंड जरी हाती असला तरी क्लॅश निरुपयोगी. नवखा हे पान पाहून हरखतो आणि मग त्या पानाच्या सोयीसाठी कॅटातून साऱ्या ढाली हद्दपार करू लागतो. आपल्या सोबतीला दुसऱ्या वृत्तीचे पानच नको म्हणणारे हे पान आक्रमक नाही, असहिष्णू आहे. वीस डावांत मला ते नेमके हवे तेव्हा दोनदाच खेळता आले. 'अँगर' हे याहून लबाड. फुकट ६ चा घाव, आणि प्रत्येक वेळी स्वतःची एक प्रत टाकलेल्या पानांच्या ढिगात सोडतो. नॉबपुढे तो उत्तम. लांबलेल्या लढाईत मात्र रागाने राग वाढत जाऊन हातात दुसरे काही येईनासे होते. नाव ठेवणाऱ्याला रागाचा स्वभाव ठाऊक असावा.

रक्त देऊन बळ घेणारी पानेही आहेत. 'हेमोकायनेसिस' २ प्राण घेऊन १५ चा घाव घालते. 'ऑफरिंग' ६ प्राण घेते आणि दोन शक्ती व तीन पाने देते. या दुसऱ्या पानाचे नाव मला खुपले. ज्यातून देणाऱ्यालाच लगेच परतावा मिळतो त्याला अर्पण म्हणत नाहीत, व्यवहार म्हणतात. पान म्हणून ते फार मोलाचे आहे, तेव्हा नावापुरतीच माझी हरकत.

गंभीर हरकत वेगळी आहे. न घेणे ही या खेळातील सर्वांत महत्त्वाची कृती. पण तिची जाणीव खेळ नवख्याला करून देत नाही. प्रत्येक विजयानंतर तीन पाने झळाळत समोर येतात आणि ती सोडून देण्याचे बटण खाली निमूट बसलेले असते. शत्रूचा हेतू इतक्या सरळपणे दाखविणारा खेळ स्वतःच्या बक्षिसाविषयी मौन का पाळतो? शिकणाऱ्याने हरून शिकावे, असे उत्तर यावर देता येईल आणि ते सर्वस्वी चुकीचे नाही. मेल्यावर सारी चढाई पहिल्यापासून सुरू करावी लागते, त्यामुळे हरणे येथे पुष्कळच होते. पण एक पूर्ण चढाई तासाभराहून अधिक खाते, आणि बारावीच्या मुलाचे असे कितीतरी तास या मौनाने गिळले, हे त्याच्या आईला दिसत होते ते खोटे नव्हते.

दुसऱ्या अंकात शत्रू झुंडीने येऊ लागतात आणि नुसता वेग पुरत नाही. तेथे 'श्रग इट ऑफ' सारखी, ८ ची ढाल देऊन एक पान हाती आणणारी दोन-तीन पाने असलीच पाहिजेत. तो स्वतंत्र विषय आहे.

आईला मी उत्तर दिले ते असे, की खेळात आत्म्याला धोका नाही, झोपेला आहे. शनिवारी एक चढाई करू द्यावी, अधिक नाही. मुलाने ते मान्य केले, बहुधा मीही त्याच नियमात बसलो म्हणून.

गेल्या शनिवारी मी 'गार्डियन'पर्यंत पोहोचलो. पहिल्या अंकाच्या शेवटी येणाऱ्या तीन राक्षसांपैकी हा एक, प्राण २४०. ३० चा मारा झाला की तो कवच मिटून घेतो, आणि मग घावाचे प्रत्येक पान खेळणाऱ्यालाच ३ ने टोचते. माझा कॅट सडसडीत होता, बॅश सुधारलेला होता, आणि राक्षसाचे अवघे २० प्राण उरले होते. माझे ८. हाती तीन अँगर आले. ६, ६, ६ असे म्हणत मी ते एकामागून एक टाकले, आणि तिसऱ्याला कवचाच्या काट्यांनीच माझा निकाल लावला. मुलगा बाजूला बसून पाहत होता. तो म्हणाला, "फादर, हातात दोन डिफेंड होते की. ते आधी टाकले असते तर काटे ढालीवरच गेले असते."