बाळगोपाळांचा होकार

लहान मुलांचे नाटक बसविणे हे सोपे काम आहे, असा समज आपल्या मंडळींत बराच रूढ आहे. राक्षस, परी, चार गाणी आणि मधून मधून प्रेक्षागृहाकडे वळून विचारलेला एखादा प्रश्न, एवढे जमले की बालनाट्य झाले! त्यातील हा जो प्रश्न, त्याविषयीच आम्हांस येथे लिहावयाचे आहे. कारण मुलांना खेळात सामील करून घेणाऱ्या नाटकाचे यश वा अपयश त्या एका प्रश्नावर ठरते.

बेंगळुरूस बदली होऊन आलेल्या मराठी माणसाने जे. पी. नगरातील रंगशंकरा अवश्य पाहावे. मुंबईच्या मराठी रंगभूमीचा संस्कार घेऊन कन्नडमध्ये गेलेले शंकर नाग १९९० साली अकाली निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ अरुंधती नाग यांनी चिकाटीने उभारलेले हे नाट्यगृह २००४ साली सुरू झाले. आसने सुमारे सव्वातीनशे. नटाचा चेहरा शेवटच्या रांगेसही दिसावा अशी बांधणी. आणि ठरल्या वेळेनंतर येणारास प्रवेश नाही, मग तो कितीही मोठा अधिकारी असो! ‘आहा’ या नावाने मुलांच्या नाटकांचा स्वतंत्र उपक्रम तेथे चालत आला आहे. एवढे आटोपशीर प्रेक्षागृह मुलांच्या नाटकास का हवे, हे ब्रायन वे यांनी ओळखले होते. मार्गरेट फॉल्क्स यांच्यासह त्यांनी १९५३ साली लंडनमध्ये थिएटर सेंटर स्थापिले. प्रेक्षक थोडे असावेत आणि नटांच्या निकट बसावेत, असा त्यांचा आग्रह असे.

आपली परंपराही काही उणी नाही. सुधा करमरकर यांनी १९५९ साली रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ रंगभूमीवर आणून मराठी बालरंगभूमीस प्रतिष्ठा दिली. पुढे १९८६ साली डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनच्या ग्रिप्स नाट्याची रीत पुण्यात आली आणि राजवाड्यातील बालनाट्य मुलांच्या स्वतःच्या घरात उतरले. पहिल्या वळणाने मुलास विस्मय दिला, दुसऱ्याने विचार. तिसरी पायरी, म्हणजे मुलास कथेत खरोखर अधिकार देणे, ही मात्र आपल्या मंडळांच्या रंगमंचावर अद्याप कच्ची आहे.

“राजाला वाचवू या ना?” असे नट विचारतो; शेकडो कंठांतून “हो!” उमटतो, नट खूष होतो. परंतु या प्रश्नास दुसरे उत्तरच नाही. मुले “नाही” म्हणाली असती तरी राजा वाचणारच होता! मुलांना ही लबाडी लवकर उमगते. मग तिसऱ्या प्रश्नास येतो तो केवळ गोंगाट. ज्या होकाराने काही घडत नाही तो सहभाग नव्हे, हजेरी होय.

यावर उपाय आहे, पण तो कष्टाचा आहे. दोन वाटांपैकी एक मुलांनी निवडावयाची असेल, तर दोन्ही वाटांच्या तालमी व्हावयास हव्यात. नुसते ओरडवून घेण्याऐवजी मुलांस काम द्यावे: तळहातावर बोटे वाजवून पाऊस पाडावा, हरवलेली वस्तू शोधून द्यावी. आणि हा पाऊस थांबण्याचे कारणही कथेतच असावे. घरट्यातील पिलू झोपी गेले म्हणून तो थांबावा. “शांत बसा!” असे नटाने म्हटले, की त्याचा तत्क्षणी मास्तर होतो. शिवाय पाच वर्षांचे मूल सहज विश्वास ठेवते, तर दहा वर्षांचे मूल तोच प्रश्न ऐकून संकोचते. दोघांस एकत्र बसविले की दोघांचाही रस जातो. “सांग ना!” म्हणून कोपराने ढोसणाऱ्या पालकांस मागे बसवावे, हे उत्तम.

कचेरीत पहिला मसुदा कोणी अंतिम मानीत नाही. त्यावर शेरे पडतात. बालनाट्याचा पहिला प्रयोग हाही मसुदाच. तो एखाद्या वर्गापुढे करावा आणि एकाने रंगमंचाकडे पाठ करून केवळ मुलांकडे पाहावे. चुळबूळ कोठे झाली, कोणत्या प्रश्नास त्याच त्या चौघांनी उत्तर दिले, कोठे सारे गप्प झाले, हे टिपावे. ही शेवटची नोंद सर्वांत मोलाची, कारण मुलांची शांतता पुष्कळदा त्यांच्या होकाराहून अधिक बोलते. मग निर्दयपणे छाटावे. हे न करता स्नेहसंमेलनातील एकच प्रयोग करून पडदा पाडणे, म्हणजे मसुद्यावरच मोहोर उठविणे होय.

आम्हां परमुलखातील कुटुंबांस या गोष्टीचे महत्त्व अधिक आहे. शाळेत इंग्रजी, अंगणात कन्नड, आणि मराठी उरते ती जेवणाच्या पानावर. वडीलधाऱ्यांच्या आग्रहाने शिकविलेली भाषा मुलास कर्तव्य वाटते. परंतु आपण मराठीत उच्चारलेल्या एका शब्दाने रंगमंचावरील कथा खरोखरच वळली, हे ज्या मुलाने पाहिले, त्यास ती भाषा आपल्या हातातील सत्ता वाटेल. त्याकरिता तो प्रश्न मात्र खरा हवा.